नैराश्यावरचा विनोदी संगीतप्रयोग: हसू कुठे थांबवावे?

सदाशिवपेठकर
मित्रमंडळींच्या कार्यक्रमांत मी गेली सहा वर्षे पेटीवर स्वतः रचलेली विनोदी गाणी म्हणतो. दोन वर्षांपूर्वी मला नैराश्याचे निदान झाले. औषधोपचार आणि समुपदेशन झाले, आणि आता त्या दिवसांवर वीस मिनिटांचा प्रयोग मी शनिवार पेठेतल्या एका छोट्या रंगमंचासाठी बसवत आहे. दुपारी तीनला उठून दात घासले तर घरात पेढे वाटावेत, अशा अर्थाचे एक कडवे त्यात आहे. तालमीत मित्र त्यावर पोट धरून हसले. बहिणीने मात्र मान खाली घातली, कारण त्या काळात माझ्या बंद दाराशी चहा ठेवून कामावर जाणारी तीच होती. लोकांपर्यंत माझी ती अवस्था पोहोचते आहे की नुसती गंमत, हे कसे ओळखावे? आणि शेवटचे गाणे आनंदाचे असावे का?

तबलासाथ
मित्र हसले यात वावगे काही नाही. सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे येणार हे श्रोत्याला आधीच उमगलेले असते, यमकाचा अंदाजही त्याने बांधलेला असतो, आणि नेमक्या त्या जागी अनपेक्षित शब्द पडला की हसू फुटते. त्याची ही वाट पाहण्याची सवय दुःखासाठीही वापरता येते. तीच उडती चाल तीन कडवी नेटाने टिकवा, चौथ्याला तबला थांबवा, पेटीवर फक्त षड्ज, म्हणजे ‘सा’, धरा आणि दाराशी ठेवलेल्या चहाची ओळ यमक न जुळवता तशीच सोडून द्या. त्यानंतरची शांतता सहन होत नाही म्हणून पुढचे कडवे लगेच सुरू करू नका. माझ्या अनुभवात साथीदारांची घाई तिथेच होते.

जुनी नाटके
आपल्या रंगभूमीला हे अनोळखी नाही. देवलांच्या १८९९ सालच्या ‘संगीत शारदा’त म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या लग्नाच्या हौसेवर प्रेक्षागृह हसते, आणि त्याच्याशी जिचे लग्न ठरवले जाते ती कोवळी शारदा जीव द्यायला नदीवर जाते. हसण्याचा विषय भुजंगनाथ आहे, शारदा कधीच नाही. तुमच्या संहितेतला भुजंगनाथ कोण, हे शोधावे असे मला कळकळीने वाटते. ‘जरा पर्वतीवर फिरून ये, बरे वाटेल’ असे सांगून मोकळे होणारे आप्तेष्ट कदाचित तिथे बसतील. दात न घासणारा मुलगा बसू नये. परदेशातले उदाहरण हवे असेल तर बो बर्नहॅम या अमेरिकी कलावंताचा २०२१ सालचा ‘इनसाइड’ पाहावा. रंगमंचावर पॅनिक अटॅक येऊ लागल्यामुळे त्याने प्रत्यक्ष प्रयोग थांबवले होते, आणि करोनाच्या काळात एका खोलीत एकट्याने केलेल्या या चित्रीकरणात तो ते स्वतःच सांगतो.

समुपदेशक, कोथरूड
जो प्रसंग तुम्ही पेटीशिवाय, साध्या शब्दांत, कोसळून न जाता एखाद्या माणसाला सांगू शकता, तोच प्रयोगात घ्यावा. बाकीचे अजून समुपदेशनाच्या खोलीत राहू द्यावे. स्वतःला इजा करण्याचे विचार आले होते असे जरूर सांगा, परंतु त्याची पद्धत गाण्यात किंवा निवेदनात येऊ देऊ नका, कारण प्रेक्षकांत त्याच अवस्थेतले कोणीतरी बसलेले असू शकते. विषयाची कल्पना प्रयोगापूर्वी द्यावी, आणि टेली मानस या सरकारी मोफत सेवेचा १४४१६ हा क्रमांक दाराशी लावावा. शेवटी ‘मी पूर्ण बरा झालो’ असे गाणे मी तरी ठेवणार नाही. जो अजून रोज गोळी घेऊन कामावर जातो, त्याला आपणच कमी पडलो असे वाटत घरी जावे लागू नये.

सदाशिवपेठकर
सर्वांचे मनापासून आभार. पेढ्यांचे कडवे राहील, मात्र त्याच्या आधी सल्ले देणाऱ्या मामांचे गाणे येईल. चहाची ओळ ठेवू का, असे काल बहिणीला विचारले. ती म्हणाली, ‘ठेव, पण कप म्हणू नकोस. थर्मास होता तो. तू दार कधी उघडशील याचा नेम नसायचा.’ ही गोष्ट मला दोन वर्षांत ठाऊकच नव्हती. ओळ बदलली आहे, तिला यमक नाही, आणि रविवारच्या तालमीला बहीण समोर बसणार आहे.