प्रसूतीनंतरचा रक्तस्राव: खुणांच्या ड्रेपने खरोखर फरक पडतो का?

प्रश्न (स्टाफ नर्स, लेबर रूम)

नमस्कार. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ई-मोटिव्ह अभ्यासाविषयी विचारायचे आहे. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील 80 रुग्णालयांत, दोन लाखांहून अधिक स्त्रियांच्या योनिमार्गे प्रसूतींमध्ये, खुणा असलेला ड्रेप (कमरेखाली घालायचे, रक्त गोळा करून खुणांवरून ते मोजता येणारे आच्छादन) आणि उपचारांचा संच वापरल्यावर गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावे लागणे किंवा त्यामुळे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण 1.6 टक्के राहिले. नेहमीच्या पद्धतीत ते 4.3 टक्के होते. आमच्याकडे अजून नजरेनेच अंदाज घेतला जातो. मागणीपत्र लिहिण्यापूर्वी एक शंका आहे. हे श्रेय ड्रेपचे की औषधांचे? औषधे तर आमच्या ट्रेमध्ये आहेतच.

उत्तर 1 (स्त्रीरोगतज्ज्ञ)

सिस्टर, नुसत्या ड्रेपचे नक्कीच नाही. युरोपातील 13 देशांत झालेल्या आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात केवळ रक्त गोळा करणारी पिशवी दिली गेली. पुढच्या उपचारांचा ठरीव क्रम त्यात नव्हता, आणि गंभीर रक्तस्रावात ठोस घट दिसली नाही.

ई-मोटिव्हची रचना मला म्हणूनच आवडली. तुलनेच्या रुग्णालयांतही ड्रेप होता, फक्त त्यावर खुणा नव्हत्या, त्यामुळे प्रत्यक्षात किती रक्त गेले हे संशोधकांना कळत होते. तेथे रक्तस्राव झालेल्या स्त्रियांपैकी जेमतेम निम्म्यांचे निदान झाले. खुणांच्या गटात 93 टक्क्यांचे झाले. संपूर्ण संच मिळण्याचे प्रमाण 19 टक्के विरुद्ध 91 टक्के होते. एक औषध द्यायचे, वाट पाहायची, मग दुसरे काढायचे, ही आपली जुनी सवय या अभ्यासाने मोडीत काढली आहे. मालिश, गर्भाशय आकुंचित करणारे औषध, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (रक्तस्राव रोखणारे औषध), सलाईन आणि तपासणी हे सारे लागोपाठ व्हायचे, आणि रक्त थांबत नसेल तर वरिष्ठांना तत्काळ बोलवायचे. मागणीपत्रात प्रशिक्षणही मागा.

उत्तर 2 (सामुदायिक आरोग्य, बेळगाव)

खुणांच्या ड्रेपचे बरेच सुरुवातीचे काम आमच्या बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयात झाले, हे फारसे कोणी सांगत नाही. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील तुलनेत नजरेचा अंदाज ड्रेपच्या मापापेक्षा 33 टक्क्यांनी कमी भरला. वापरताना एक पथ्य पाळावे. बाळ बाहेर येऊन गर्भजल ओसरल्यावरच ड्रेप कमरेखाली सरकवावा, नाहीतर पाणी आणि रक्त एकत्र मोजले जाते. गॉजमध्ये शोषलेले रक्त खुणेवर दिसत नाही, तेही लक्षात घ्यावे.

उत्तर 3 (जैवसंख्याशास्त्र)

वरिष्ठांसमोर आकडे मांडताना जपून लिहावे. ई-मोटिव्हमधील घट मुख्यतः एक लिटर किंवा त्याहून अधिक रक्त जाण्याच्या प्रमाणात आहे. केवळ मृत्यूंपुरते पाहिल्यास फरक सांख्यिकीदृष्ट्या निश्चित ठरत नाही, कारण मृत्यूंची संख्याच त्यासाठी अपुरी होती. मृत्यूविषयीचा आधार हवा असेल, तर 20,060 स्त्रियांवरील 2017 चा वूमन अभ्यास पाहावा: प्रसूतीनंतर तीन तासांच्या आत ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड मिळालेल्यांत रक्तस्रावाने होणारे मृत्यू 1.7 वरून 1.2 टक्क्यांवर आले. तीन तासांनंतर दिलेल्या औषधाचा तसा लाभ दिसला नाही. म्हणजे सिस्टर, औषध ट्रेमध्ये असले तरी ते केव्हा काढायचे हे सांगायला ती खूणच लागते. मागणीपत्रात हाच मुद्दा वर ठेवावा.