मदत हवी आहे: ओएचएनएसची डाय हार्डनिंगनंतर रात्रीत तडकली, दोष कोणाचा?

मंडळी, भोसरीत आमचं छोटं प्रेस टूलचं काम आहे. ओएचएनएसची (तेलात कडक होणारं टूल स्टील) डाय, म्हणजे प्रेसचा साचा, केली होती, ३० मिमी जाडीचा ब्लॉक, मधे चौकोनी पॉकेट, शेजारी डॉवेलची (जागेवर बसवायच्या पिनांची) भोकं, आणि नेहमीसारखी बाहेर हार्डनिंगला (तापवून तेलात बुडवून कडक करायला) दिली, ५८-६० एचआरसी (कडकपणाचं माप) सांगून. संध्याकाळी पीस आला तेव्हा नीट पुसून बघितला, कुठे काही नव्हतं. रात्री वॉचमनला टक्क असा आवाज आला आणि सकाळी बघतो तर पॉकेटच्या कोपऱ्यातून थेट डॉवेलच्या भोकापर्यंत केसासारखी रेघ! टेस्टरवर हार्डनेस ६४ लागते.

हार्डनिंगवाला म्हणतो मटेरियलमधेच आधीपासून क्रॅक होता, स्टीलवाला म्हणतो बार चोख आहे, तेलात बुडवताना तडकली. मधे मी, आणि पार्टीचे रोज फोन. मी तो तुकडा पूर्ण तोडून उघडला, आतलं तोंड स्वच्छ राखाडी आहे, काळं नाही, निळं-पिवळं नाही, तेलही नाही. ह्यावरून काही ठरवता येतं का? आणि एक गोष्ट खरंच समजून घ्यायची आहे, गाडीच्या खिडकीची काच गरम करून हवेच्या झोताने झटकन गार करतात तर ती उलट मजबूत होते, मग पोलादच का तडकतं? दुसरी डाय लगेच करायची आहे, प्लीज सांगा.

प्रतिसाद:
दादा, तुम्ही तोंड उघडून बघितलंत तेच सगळ्यात महत्त्वाचं. क्रॅक बारमधे आधीपासून असता तर भट्टीत ८०० डिग्रीला आत काळी खपली धरली असती आणि त्याच्या काठाचा कार्बनही उडाला असता. तेलात पडताना तडकली असती तर तेल आत उतरलं असतं आणि नंतर टेंपरिंगला (ठिसूळपणा कमी करायला पुन्हा बेताचं तापवतात तेव्हा) तोंडावर पिवळी-तपकिरी झाक आली असती. तुमचं तोंड कोरं आहे म्हणजे सगळं आटोपल्यावर तडकली. आणि ५८-६० मागितल्यावर ६४ लागते ह्याचा अर्थ टेंपरिंग झालेलंच नाही, नाहीतर नावापुरतं झालंय. ६४ हा तेलातून काढलेल्या ओएचएनएसचा आकडा आहे, ५८-६० ला आणायचं तर २३०-२५० डिग्रीला निदान दोन तास ठेवावं लागतं.

आता काचेचं. काचेत आतली रचना बदलत नाही, नुसतं आकुंचन. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला मागाहून आकसतो आणि बाहेरच्याला दाबून धरतो, दाबलेल्या पृष्ठभागावर चीर उघडत नाही म्हणून ती मजबूत. पोलादात मात्र ऑस्टेनाइटचं (तापलेल्या पोलादाची रचना) मार्टेन्साइट (झटकन गार केल्यावरची कडक रचना) होतं आणि ते होताना फुगतं, आकारमान साधारण ४ टक्के वाढतं. कातडी आधी मार्टेन्साइट होऊन कडक झालेली, मग गाभा साधारण २०० डिग्रीच्या खाली आला की तो फुगायला लागतो आणि त्या कडक कातडीला आतून ताणतो. म्हणजे काचेच्या बरोब्बर उलट. त्यात पॉकेटचा कोपरा धारदार असेल तर सगळा ताण तिथेच गोळा होतो, शेजारी भोक म्हणजे क्रॅकला रस्ताच मिळाला.

रात्री का तर एवढ्या कार्बनच्या स्टीलमधे थोडं ऑस्टेनाइट थंड झाल्यावरही शिल्लक राहतं, त्यातलं काही नंतर हळूहळू बदलत राहतं, तेवढं फुगणंही पुरतं. म्हणून पीस ५०-६० डिग्रीवर, हातात जेमतेम धरवेल इतका आला की सरळ टेंपरिंग भट्टीत घालायचा, "उद्या सकाळच्या लॉटला लावू" हे चालत नाही. त्यांच्याकडे त्या दिवसाचा टेंपरिंग भट्टीचा चार्ट मागा, वाद तिथेच मिटेल.

धागाकर्ता:
खूप खूप आभार, एवढं सविस्तर कोणीच सांगितलं नव्हतं! चार्ट मागितला, "शोधून देतो" म्हणालेत. नवीन डायला कोपऱ्यात रेडियस देतोय. डॉवेलची भोकं फायर क्लेने (भट्टीच्या मातीने) भरून द्यावीत का? आणि पॉकेट हार्डनिंगनंतर वायरकटने (ठिणग्यांनी कापणाऱ्या तारेच्या मशीनवर) काढलं तर प्रश्नच मिटेल ना?

प्रतिसाद:
भोकं नक्की भरा, तेल आत घुसून भोकाच्या कडा एकदम गार होत नाहीत. वायरकटचं मात्र जपून, टेंपरिंग कच्चं असेल तर ब्लॉकमधला ताण तार मधून जाताना मोकळा होतो आणि मशीनवरच तडकतो, हे भरपूर बघितलंय. दोनदा टेंपर करून घ्या, मधे पूर्ण गार होऊ द्या, आणि तार सुरू करायला पॉकेटमधे आधीच भोक पाडून ठेवा म्हणजे कडेवरून आत कापत जावं लागणार नाही. रेडियस निदान २-३ मिमी. पार्टीला चालत असेल तर एचसीएचसीआर (जास्त कार्बन, जास्त क्रोमियमचं टूल स्टील) डी-२ घ्या, ते हवेतही कडक होतं, तेलाचा झटका लागत नाही, महाग पडतं पण अशा कोपरे-भोकांच्या डायला मी तेच वापरतो.