सल्ला हवा: पिसानेल्लोचं पदक, दीडशे पौंडांत

लंडनची_लेक: बाबा रोमन नाणी जमवतात. त्यांच्या पंचाहत्तरीला इटालियन रेनेसाँसचं पोर्ट्रेट पदक द्यायचंय. अस्सल परवडणार नाही, प्रत चालेल. बजेट दीडशे पौंड. एका दुकानात पंधराव्या शतकातल्या इटालियन कलाकार पिसानेल्लोनं केलेलं बायझंटाइन सम्राट आठव्या जॉनचं दिसलं: पुढे ती उंच टोकदार टोपी, मागे घोड्यावर. घेऊ का?

नाणेवेडा: रोमनवाले आहेत ना? मग इटलीतल्या पादुआच्या काव्हिनोचंच घ्या. सोळाव्या शतकात त्यानं सेस्टर्शियस या मोठ्या रोमन नाण्याच्या अशा नकला केल्या की जाणकार फसले. माझं साडेचारशेला पडलं, पण काय चीज आहे!

पेठेतला: ताई दीडशे म्हणतायत, साहेब.

मितभाषी: पिसानेल्लोचंच, मांतुआच्या राजघराण्यातल्या चेचिलिया गोंझागाचं बघा, 1447 चं. मागे युनिकॉर्न (एकशिंगी काल्पनिक प्राणी) आणि चंद्रकोर. टोपीवाला सगळ्यांकडे असतो.

पेठेतला: सम्राट जॉन 1438 मध्ये इटलीत फेराराला आला, तेव्हापासून पदकं सुरू झाली.

नाणेवेडा: चूक. पादुआ परत जिंकल्यावर तिथल्या कर्रारा या सत्ताधारी घराण्यानं 1390 मध्येच रोमन धर्तीची पाडली होती.

पेठेतला: ती ठशानं पाडलेली. पिसानेल्लोची ओतीव, तळहाताएवढी. बाजूनं चेहरा, कडेनं नाव, मागे प्रसंग, एवढंच रोमनांकडून घेतलं.

जुना_बाजार: वाद नंतर घाला. ताई, व्यास मोजा. मूळ 10 सेंमीच्या थोडं वर. पदकावरून साचा काढून पुन्हा ओतलं की ब्राँझ थंड होताना आकसतं, प्रत लहान भरते. कडेला बारीक सांधा दिसला तर इलेक्ट्रोटाइप, म्हणजे विजेच्या साहाय्यानं साच्यात धातू चढवून केलेली दोन पातळ कवचं जोडलेली. ते सोडा.

रिकामटेकडी: मी ऑनलाइन मागवलं होतं. ओल्या कापसानं पुसलं तर जुनेपणाचा म्हणून दिलेला हिरवा रंग कापसावर! पैसे गेले ते गेलेच.

मितभाषी: व्यास मोजा, हेच सांगणार होतो. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आधी अस्सल बघून या, फुकट आहे.

लंडनची_लेक: आभार. सांधा आहे, म्हणजे इलेक्ट्रोटाइपच. पण व्यास पुरा भरला आणि टोपीच्या चुण्यासुद्धा स्पष्ट आहेत. मागच्या बाजूला सेवकाचा घोडा आपल्याकडे पाठ करून उभा आहे, तोही झकास उठलाय. नव्वदला दिलं, घेतलं! नक्कल कशी ओळखायची हे तासभर समजावून सांगायला मिळालं की बाबा खूश. आता सांगलीला पार्सल करू की सामानातून नेऊ?

जुना_बाजार: सोडा म्हटलं होतं. हातातल्या बॅगेतून न्या.

नाणेवेडा: काव्हिनो मात्र राहिलाच.