बैठका, गुडघ्याखालचे दुखणे आणि मांडीचे स्नायू : जाणकारांची मदत हवी आहे

नमस्कार.

माझा १३ वर्षांचा पुतण्या कोल्हापुरातील एका तालमीत कुस्ती शिकतो. अलीकडे त्याची उंची झपाट्याने वाढली आणि त्याच सुमारास उजव्या गुडघ्याखाली, नडगीच्या हाडाला समोरून जो उंचवटा असतो नेमक्या त्या जागी, दुखणे सुरू झाले. बैठका मारताना, जिना चढताना आणि आखाड्यात गुडघा टेकला की दुखते. स्वस्थ बसले की थांबते. डॉक्टरांनी तपासून हाड शाबूत असल्याचे सांगितले आणि तूर्त बैठका बंद ठेवायला सांगितल्या. तो सल्ला आम्ही पाळत आहोत, त्यामुळे मला येथे औषध विचारायचे नाही. मला कारण समजून घ्यायचे आहे, कारण आमच्या वस्तादांनी मोकळेपणाने सांगितले आहे की, हे का होते ते पटले तर बाकीच्या वाढत्या मुलांची मेहनतही ते त्याप्रमाणे बदलतील. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान उभे केले त्या या गावात जोर आणि बैठकांवरची श्रद्धा किती खोल आहे हे येथील वाचकांना सांगायला नको, म्हणूनच वस्तादांच्या या तयारीचे मला फार मोल वाटते.

वाचून मला जेवढे समजले ते असे. स्नायू फक्त आखडून ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून सांधा वाकवणारे स्नायू वेगळे आणि सरळ करणारे वेगळे असतात. मांडीच्या पुढच्या बाजूचे चार स्नायू खाली एका जाड कंडरेत, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोरात, मिळतात, ती कंडरा गुडघ्याच्या वाटीला धरते आणि वाटीच्या खालून निघालेला तिचा पुढचा भाग नडगीच्या त्या उंचवट्यात रुततो. विहिरीवरच्या रहाटाने दोराची दिशा वळावी तशी वाटी ही ओढ वळवते आणि कंडरेला सांध्याच्या मध्यापासून दूर ठेवते, त्यामुळे तेवढ्याच जोरात पाय अधिक ताकदीने सरळ होतो.

येथपर्यंत चित्र स्पष्ट आहे, पण पुढे दोन ठिकाणी मी अडलो आहे. जोर लावणारा स्नायू मांडीत आहे आणि ताण संपूर्ण साखळीवर सारखाच येत असणार, तर दुखणे मांडीत किंवा वाटीपाशी न होता सर्वांत खालच्या टोकालाच का व्हावे? दुसरी अडचण मला अधिक सतावते. बैठकीतून उठताना मुलांच्या मांडीच्या मागच्या बाजूला हात लावून पाहिला, तर तेथील स्नायूही घट्ट झालेले लागतात. हे स्नायू गुडघा वाकवणारे आहेत. उठताना गुडघा सरळ होत असतो, मग ते त्याच वेळी का आखडतात? ते एकमेकांविरुद्ध ओढत असतील तर ताकद वाया जाते का, आणि मुलाच्या दुखण्याचा त्याच्याशी काही संबंध आहे का?

याखेरीज, स्नायू लवकर बळकट होतो पण कंडरा मागे राहते असे ऐकले आहे. हे खरे असल्यास बैठकांची संख्या वाढवण्याचा वेग कसा ठरवावा, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मुलाला न तपासता निदान करणे योग्य नाही, परंतु आपण दिलेले वय, वाढलेली उंची आणि दुखण्याची जागा यांवरून एक परिचित शक्यता समोर येते. ऑसगुड आणि श्लॅटर या दोन डॉक्टरांनी १९०३ मध्ये स्वतंत्रपणे तिचे वर्णन केले आणि त्यांच्याच नावांनी ती ओळखली जाते.

आपला तर्क बरोबर आहे : ताण साखळीभर जातो, पण तुटते किंवा दुखते ते सर्वांत दुबळ्या जागी. प्रौढ माणसात कंडरा जेथे रुतते ते पक्के हाड असते, म्हणून अतिश्रमाने त्यांना बहुधा वाटीच्या लगेच खाली, कंडरेतच दुखते. वाढत्या मुलात मात्र तो उंचवटा अजून पूर्ण हाड झालेला नसतो. तेथे वाढीची कूर्चा, म्हणजे पुढे हाड होणारा मऊ, लवचिक भाग, असते आणि ती कंडरेपेक्षा कमजोर असते. त्यात हाडे भराभर लांब होत असताना मांडीचे स्नायू त्या वेगाने लांब होत नाहीत, ते ताठ राहतात आणि प्रत्येक बैठकीत त्या कूर्चेला खेचतात. वाढ पूर्ण होऊन तेथे हाड तयार झाले की दुखणे सहसा थांबते, उंचवटा थोडा मोठा राहू शकतो. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, ताप, संपूर्ण गुडघ्याची सूज, किंवा उडी मारताना अचानक कळ येऊन पाय सरळच न होणे, यांपैकी काहीही दिसल्यास वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे.

मागच्या स्नायूंबद्दलची आपली शंका शरीरशास्त्रातली जुनी आणि फार सुंदर शंका आहे. लोम्बार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाने तीही १९०३ मध्येच मांडली होती. उत्तर असे की हे स्नायू एक नव्हे तर दोन सांधे ओलांडतात. मांडीच्या मागचे मुख्य स्नायू गुडघा वाकवतात आणि खुबा सरळ करतात. पुढच्या चारपैकी एक स्नायू खुबा वाकवतो आणि गुडघा सरळ करतो. उठताना दोन्ही सांधे सरळ व्हायचे असतात. खुब्यापाशी मागच्या स्नायूंची तरफ लांब असते, गुडघ्यापाशी पुढच्यांची. त्यामुळे दोन्ही एकदम आखडले तरी प्रत्येक सांध्यावर सरळ करणारी ओढच जिंकते आणि शरीर उभे राहते. म्हणजे ताकद निव्वळ वाया जात नाही. मागचे स्नायू नडगीला मागे धरून ठेवतात, त्यामुळे गुडघ्याच्या आतल्या पुढच्या अस्थिबंधावरचा (हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्यावरचा) भारही हलका होतो. मात्र ते दुबळे किंवा ताठ असतील तर पुढच्यांना अधिक ओढावे लागते, आणि दुखण्याशी संबंध असलाच तर तो येथे आहे.

तालमीतल्या बैठकीत टाचा उचलल्या जातात आणि गुडघे बोटांच्या पुढे जातात. ही चूक नव्हे, पण त्यामुळे खुब्याचा वाटा कमी होऊन गुडघ्याचा वाढतो. दुखणाऱ्या मुलाला काही काळ टाचा जमिनीवर ठेवून, ढुंगण मागे नेत, अर्ध्यापर्यंतच बसू द्यावे. उताणे झोपून, पाय दुमडून कंबर उचलण्याचा व्यायाम मागच्या स्नायूंना उत्तम आहे. जोर चालू ठेवायला हरकत नाही.

कंडरेबद्दल आपण ऐकले ते खरे आहे. तिच्यात पेशी थोड्या आणि रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे स्नायूतला फरक आठवड्यांत दिसतो, तर कंडरेला महिने लागतात. मूल आज पूर्वीपेक्षा दुप्पट बैठका मारू शकते याचा अर्थ त्याची कंडरा तेवढ्याला तयार झाली असा होत नाही. संख्येचा ठराविक आकडा मी देणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे आदल्या दिवसापेक्षा वाढलेले नसेल तरच पुढे जावे, ही कसोटी अधिक विश्वासाची आहे. पूर्ण विश्रांतीही फार लांबवू नये, कारण कंडरा ताणाशिवाय बळकट होत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

आपण इतके सविस्तर लिहिलेत याबद्दल मनःपूर्वक आभार. हा प्रतिसाद मी वस्तादांना वाचून दाखवणार आहे. आता एकच विचारायचे राहिले. पुतण्या आठवड्यातून काही वेळा मॅटवरही सराव करतो. तेथे वाकलेल्या गुडघ्यांवर बराच वेळ पवित्र्यात उभे राहावे लागते. बैठका बंद असताना हे चालेल का?

प्रतिसाद

पवित्र्यात गुडघा अर्धवटच वाकलेला असतो, त्यामुळे खोल बैठकीच्या मानाने ओढ कमी असते. दुखत नसेल तर तो सराव चालेल. अधिक जपायचे ते पट काढताना, म्हणजे खाली झेपावून प्रतिस्पर्ध्याचे पाय धरताना. एक पाय धरायचा एकेरी असो वा दोन्ही पाय धरायचा दुहेरी, त्यात गुडघा मॅटवर आपटतो आणि नेमका तोच उंचवटा दाबला जातो, म्हणून दुखणे शमेपर्यंत पटाचा सराव ठेवूच नये. नंतर सुरू करताना जाड पॅड बांधावे आणि आधी संथ गतीने, जोडीदाराने प्रतिकार न करता, करून पाहावे.