चातुर्मासात घरातील टीव्ही आणि इंटरनेट बंद ठेवता येईल का?

मांजराकाठ (लातूर):
नमस्कार. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत घरातील टीव्ही आणि इंटरनेट पूर्णपणे बंद ठेवावे, असा विचार मनात घोळतो आहे. घरात सासूबाई, कृषी सेवा केंद्र चालवणारे यजमान, नीटची तयारी करणारा मुलगा, सहावीतील मुलगी आणि मी अशी पाच माणसे आहोत. संध्याकाळी मालिका सुरू झाल्या की काहीही विचारले तरी "जाहिरात लागू दे" एवढेच उत्तर मिळते, आणि जेवताना मुलांचा डावा हात मोबाइलवर असतो. सासूबाई दर चातुर्मासात वांगी सोडतात. यंदा मालिका सोडता का, असे विचारले, तर "त्यापेक्षा मीठ सोडते" म्हणाल्या. ऐन खरिपात दुकानाचा फोन बंद ठेवता येणार नाही, असे यजमानांचे म्हणणे आहे, आणि मुलाच्या शिकवणीचे प्रश्नसंच व्हॉट्सॲपवरच येतात. अशा घरात पूर्ण बंदी निभेल, की ठरावीक वेळेचा नेम धरावा?

गोदाकाठ (गंगाखेड):
ताई, ठरावीक वेळेचाच नेम धरावा, असे मला वाटते. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत गावातील टीव्ही व मोबाइल बंद राहतात. त्यानंतर आपल्याच मराठवाड्यात, उमरगा तालुक्यातील जकेकुरवाडीने सहा ते आठ ही वेळ ठरवली. या दोन्ही गावांतून घेण्यासारखी गोष्ट अशी की, तिथे कोणत्याही आईला "आता बंद कर" असे म्हणावे लागत नाही, ते काम भोंगा करतो. आपल्या घरात ते काम तुमच्या अंगावर पडू देऊ नका, नाही तर दोन आठवड्यांत सगळा राग तुमच्यावर निघेल. सहावीतील मुलीकडे घड्याळाची जबाबदारी द्यावी. त्या वयाची मुले मोठ्यांना शिस्त लावण्यात कसूर करत नाहीत.

शिवारातून (सेनगाव):
इंटरनेट बंद म्हणजे फोन बंद नव्हे, हे आधी यजमानांना समजावून सांगा. मोबाइल डेटा बंद केला तरी कॉल आणि साधे मेसेज येतच राहतात, त्यामुळे गिऱ्हाईक तुटत नाही. दुकानात पैसे जमा झाल्याचे सांगणारा स्पीकर असेल, तर त्यात स्वतःचे सिमकार्ड असते; त्यासाठी यजमानांच्या फोनवर नेट चालू असण्याची गरज नाही.

मात्र आम्हा शेतकऱ्यांना चार महिने पूर्ण बंदी परवडणार नाही. ई-पीक पाहणीसाठी शेतात उभे राहून मोबाइलवर पिकाचा फोटो घ्यावा लागतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' ॲप आसपास वीज पडण्याचा धोका असल्यास सूचना देते, आणि परतीच्या पावसात सोयाबीन काढणीच्या वेळी माणसे रानातच असतात, तेव्हा दिवसा ते बंद ठेवणे मला धोक्याचे वाटते. बातम्यांसाठी आकाशवाणी पुरेशी आहे. आमच्या आखाड्यावर परभणी केंद्र अजूनही लागते.

सेवानिवृत्त शिक्षक (अंबाजोगाई):
वरील सूचना योग्य आहेत, परंतु सासूबाईंचा टीव्ही आणि मुलांचा मोबाइल एकाच नेमात बांधण्यास माझा विरोध आहे. मालिका कितीही रटाळ असली तरी तिचा भाग अर्ध्या तासाने संपतो, ती बैठकीच्या खोलीत सर्वांसमोर पाहिली जाते आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीशी बोलायला विषय देते. रील्सना शेवटच नसतो आणि त्या ज्याच्या त्याच्या तळहातावर एकट्याने पाहिल्या जातात. गुडघे धरलेल्या बाईची दुपार आणि संध्याकाळ कशी जाते, याचा विचार न करता तिच्या हातातील रिमोट काढून घेणे मला बरे दिसत नाही. आधी मोबाइल आवरा, टीव्हीचे नंतर पाहू.

सुरुवात करायचीच असेल, तर श्रावणातील सप्ताहापासून करावी. पहाटे काकडा, दिवसा ज्ञानेश्वरी पारायण, संध्याकाळी हरिपाठ आणि रात्री कीर्तन असा क्रम असल्यामुळे त्या सात दिवसांत टीव्ही लावायला घरात माणूसच नसते. मुलाचे प्रश्नसंच यजमानांनी दुकानातच उतरवून छापून आणावेत.

मांजराकाठ (लातूर):
सर्वांची आभारी आहे. सरांचे म्हणणे सासूबाईंना वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी स्वतःहून रात्री साडेआठनंतरची मालिका सोडण्याची तयारी दाखवली, फक्त सप्ताहातले राहिलेले भाग नंतर सलग पाहू द्यावेत, अशी अट घातली. सात ते साडेआठ मोबाइल देवघराशेजारच्या फडताळात ठेवायचे ठरले आहे आणि किल्ली मुलीकडे राहील. छपाईचे काम यजमानांनी मान्य केले आहे. भारताचे क्रिकेटचे सामने या नेमात येतात की नाही, या प्रश्नाला मात्र ते उत्तर देत नाहीत.