अणुऊर्जेबद्दल लोकमत : पाहणीचे प्रश्न कसे ठेवावेत?

मुचकुंदी: राजापूर तालुक्यात, जैतापूरच्या नियोजित अणुवीज प्रकल्पाच्या आसपास ४०० जणांची पाहणी करायची आहे. २० गावं, गावात २० माणसं. पहिलाच प्रश्न: "तुमचा अणुऊर्जेला पाठिंबा आहे का? हो/नाही." चूक ५ टक्क्यांत राहील ना?

चिठ्ठीवाला: नाही राहणार. ± ५ टक्के मिळतात ते ४०० माणसं सुटीसुटी, चिठ्ठ्या टाकून निवडली तर. एका गावातली माणसं बरीचशी एका सुरात बोलतात. हा सारखेपणा (० म्हणजे मुळीच नाही, १ म्हणजे सगळ्यांचं एकच मत) ०.१ धरला, आणि प्रत्येकाबरोबर गावातले बाकीचे १९ मोजले, तर १ + (१९ × ०.१) = २.९. ४०० भागिले २.९ म्हणजे तुमच्याकडे जेमतेम १३८ जणांची माहिती, आणि चूक ८ टक्क्यांच्या वर. त्यापेक्षा ४० वाड्या घ्या, वाडीत दहाच माणसं. तेवढ्याच ४०० मुलाखतींत चूक ७ च्या आत येते.

नावं मतदार यादीतून काढा, पण यादीतले अर्धेअधिक चाकरमानी निघाले तर दचकू नका. बंद घराऐवजी शेजारचं उघडं घर घेऊ नका, यादीतलं पुढचं राखीव नाव घ्या. आणि यादीत बाईचं नाव असेल तर तिलाच विचारा. ओटीवरचे पुरुष मध्ये बोलणारच, म्हणून बाईंशी बोलायला बाईच पाठवा.

टर्बाइन: प्रश्नच मोडका आहे. "देशात अणुवीज वाढावी का" आणि "तुमच्या गावापासून ५ किलोमीटरवर प्रकल्प यावा का" हे दोन वेगळे प्रश्न. एकच माणूस पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणतो, आणि त्यात विसंगती काही नाही. हो/नाहीऐवजी पूर्ण पाठिंब्यापासून पूर्ण विरोधापर्यंत पाच पायऱ्या ठेवा, "सांगता येत नाही" हा पर्याय वेगळा. फुकुशिमाचा उल्लेख सुरुवातीला केलात तर पुढची सगळी उत्तरं भीतीची येतील. विजेच्या दराने सुरुवात केलीत तर उलट. निम्म्या लोकांना क्रम उलटा करून विचारा, फरक आकड्यांत दिसेल.

दर्यावर्दी: एक मोठी गोष्ट राहिली. माडबन, मिठगवाणे पट्ट्यात प्रश्न जमिनीचा. २०१३ मध्ये मोबदला हेक्टरी २२.५ लाखांवर नेला, तेव्हा तिथल्या काहींचं मत हललं. साखरीनाट्याच्या मच्छीमाराकडे दाखवायला सातबाराच नाही, त्याला तो आकडा लागूच होत नाही. त्याचा प्रश्न प्रकल्पातून समुद्रात परत येणाऱ्या गरम पाण्याचा, आणि तो अडाणीपणाचा नाही. हिशोब करा: योजना १,७३० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्यांची. एका अणुभट्टीची उष्णता सुमारे ४,५९० मेगावॉट, म्हणजे वीज वजा जाता २,९०० च्या आसपास समुद्रात. पाणी ७ अंशांनी तापू द्यायचं ठरवलं तर सेकंदाला साधारण १०० घनमीटर लागतं. सहांचं मिळून दिवसाला ५,००० कोटी लिटरच्या वर. म्हणून "किरणोत्साराची भीती वाटते का" एवढंच विचारून थांबलात तर साखरीनाट्यातला विरोध कागदावर उतरणारच नाही.

जमीनमालक, मच्छीमार, आंबा-काजू बागायतदार, मजूर हे गट आधीच पाडा. ४०० मध्ये मच्छीमार ३०-३५ च आले तर त्यांच्याबद्दल काही बोलता येणार नाही, त्यांचे किमान १०० घ्या आणि एकूण टक्केवारी काढताना त्यांचं वजन लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्याइतकं कमी करा.

मुचकुंदी: आणि विश्वासाबद्दलचा प्रश्न?

टर्बाइन: "सरकारवर विश्वास आहे का" नको, सगळे सरपंचापासून दिल्लीपर्यंत एकाच झोळीत टाकतात. "गळती झाली तर तुम्हाला त्याच दिवशी कळवतील असं वाटतं का? कोण कळवेल?" असं विचारा. उत्तर जसं येईल तसं लिहून घ्या, पर्याय वाचून दाखवू नका.