१ ते ५ वर्षांच्या मुलांसाठी ‘पान उघडा, उत्तर बघा’ छापाचं पुस्तक: घेण्याआधी काय तपासायचं?

तांबडी_माती

भाचरं दोन. एक सव्वादोन वर्षांचं, दुसरी चारची. बहिणीला असं पुस्तक द्यायचं आहे की अडचण आली, पान उघडलं, उत्तर मिळालं. सलग वाचायला तिला सवड नाही. दुकानात दोन तऱ्हा दिसल्या. एक इंग्रजी, अमेरिकेत छापलेलं, विषय अकारविल्हे. दुसरं मराठी, जाडजूड, महिनेवार प्रकरणं. पहिलं आटोपशीर आहे, पण वजन पौंडांत आणि मापं औंसांत. अमुकच घ्या असं नको. पुस्तक हातात धरून नेमकं काय तपासायचं ते सांगा.

मापाचा_चमचा

मुखपृष्ठ सोडा, शेवटची पानं उघडा. सूची नसेल तर तिथेच परत ठेवा. असेल तर पाच शब्द शोधा: ताप, आकडी, जुलाब, घास अडकणे, भाजणे. प्रत्येकाचं पान मिनिटाच्या आत सापडलं पाहिजे आणि पहिल्या तीन ओळींत ‘आत्ता काय करायचं’ ते असलं पाहिजे. रात्री दोन वाजता ‘ताप म्हणजे काय’ने सुरू होणारं पान कोण वाचणार? महिनेवार पुस्तक इथेच अडखळतं. जुलाब नवव्या महिन्यातही होतात आणि तिसऱ्या वर्षीही, त्यामुळे मजकूर चार ठिकाणी पांगतो.

मग औषधाची मात्रा बघा. नुसतं ‘अमुक वयाला ५ मिली’ लिहिलेलं असेल तर त्या पानावर विसंबू नका. पॅरासिटामॉल वजनावर ठरतं: एका वेळी किलोमागे १५ मिग्रॅ, दोन मात्रांमध्ये ४ ते ६ तास, चोवीस तासांत जास्तीत जास्त चार वेळा. १० किलोच्या मुलाला १५० मिग्रॅ. आता आपल्याकडच्या बाटल्या बघा. थेंबांच्या बाटलीत १ मिलीत १०० मिग्रॅ, साध्या सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा १२५, जास्त तीव्रतेच्या सिरपमध्ये ५ मिलीत २५०. म्हणजे त्याच मुलाला थेंबांचे १.५ मिली, १२५च्या सिरपचे ६ मिली, २५०च्या सिरपचे ३ मिली. सिरपचे ६ मिली डोक्यात ठेवून थेंबांची बाटली उघडली तर ६०० मिग्रॅ जातं, चौपट. गडबड होते ती इथेच.

अमेरिकेत मुलांच्या सिरपमध्ये ५ मिलीत १६० मिग्रॅ असतं. तिथलं मिलीचं कोष्टक इथल्या बाटलीला लागू नाही. औषधाचं नावही तिथे अ‍ॅसिटॅमिनोफेन असतं, ते म्हणजे आपलं पॅरासिटामॉलच. तिकडे राहणाऱ्यांनी इथलं पुस्तक नेलं तर हीच चूक उलटीकडून होते.

छापल्याचं वर्षही बघाच. आपल्याकडे १२ वर्षांखालच्या मुलांसाठी निमेसुलाइड या ताप-दुखण्याच्या औषधावर २०११मध्ये बंदी आली. सर्दीच्या सिरपमधलं क्लोरफेनिरामिन-फेनिलएफ्रिन हे मिश्रण ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं वेष्टनावर छापायचा आदेश डिसेंबर २०२३चा आहे. त्याआधीच्या पुस्तकाचं सर्दी-खोकल्याचं पान जुनं झालं असं धरून चाला.

उंबरठा

सूचीचं पटलं. पण औषधाची पानं वर्षात चारदा उघडतात, हट्टाची दिवसातून चारदा. आणि तिथे ‘पटकन उत्तर’ ही कल्पनाच लंगडी आहे, कारण मूल जमिनीवर लोळत असताना हातात पुस्तक कोण घेतं? ते पान आधी वाचून ठेवायचं असतं. म्हणून त्यात आधी, चालू असताना आणि नंतर असे तीन भाग आहेत का बघा.

‘आधी’मध्ये भूक, झोप आणि शी तुंबलेली नाही ना, हे विचारलेलं हवं. निम्मे हट्ट तिथेच उकलतात. ‘चालू असताना’मध्ये समजावण्याचा परिच्छेद असेल तर लिहिणाऱ्याने मूल जवळून पाहिलेलं नाही. त्या वेळी त्याला लांब वाक्यं पोचतच नाहीत. धोक्याच्या वस्तू बाजूला करायच्या, जवळ बसायचं, बोलायचं ते चार शब्द. आणि ज्यासाठी रडणं चाललंय ती वस्तू दहाव्या मिनिटाला द्यायची नाही, नाहीतर दहा मिनिटं रडलं की मिळतं हेच मूल शिकतं. चावण्याच्या पानावर ‘तुम्हीही हलकेच चावून दाखवा’ असं असेल तर पुस्तक बंद करा. आधी ज्याला चावलं त्याच्याकडे जायचं, मग चावणाऱ्याला एवढंच: ‘चावायचं नाही, दुखतं.’

शी-शूच्या सवयीचं पान हे पुस्तकाची खरी परीक्षा. वय दिलंय की लक्षणं? डायपर दोन तास कोरडा राहतो, मूल सांगतं किंवा खुणेने दाखवतं, चड्डी स्वतः खाली ओढतं: ही लक्षणं. बसवायचं ते जेवणानंतर, कारण पोट भरलं की मोठं आतडं हलायला लागतं. पाच मिनिटं पुरे, पाय टेकलेले हवेत, कमोड असेल तर खाली पाट ठेवा. स्टिकरांची बक्षिसं सांगणारं पान बद्धकोष्ठाबद्दल गप्प असेल तर ते अर्धवट. एकदा कडक शी दुखली की मूल ती रोखून धरतं, ती आणखी कडक होते, आणि पुढचे सहा महिने घरात तोच विषय. दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध जात असेल तर आधी ते कमी करा. भूक मरते आणि लोहही कमी पडतं.

पाटी_पेन्सिल

वर जुलाबाचा उल्लेख येऊन गेला, पण त्या पानावर काय हवं ते राहिलं. ओआरएसचं मोठं पाकीट १ लिटर पाण्यासाठी असतं, छोटं २०० मिलीसाठी. पाकीट अख्खं ओतायचं. मोठ्या पाकिटातली ‘अंदाजे चमचाभर’ पूड पेल्यात घातली की मीठ कमी-जास्त होतं, आणि जास्त झालं तर ते धोक्याचं. दर पातळ शीनंतर २ वर्षांखालच्यांना ५० ते १०० मिली, २ वर्षांच्या पुढच्यांना १०० ते २०० मिली, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. सोबत झिंक २० मिग्रॅ, रोज एकदा, १४ दिवस. जुलाब थांबले तरी पूर्ण करायचं. इंग्रजी पुस्तकांत झिंक बहुधा सापडणार नाही. टेट्रापॅकमधली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे.

आणि एक चटकन बघायचं पुस्तक घरात फुकट आलेलं असतं: अंगणवाडी किंवा आरोग्य केंद्रातून मिळणारं माता-बाल संरक्षण कार्ड. वजनाची रेघ, वाढीचे टप्पे, लसी, सगळं त्यात आहे. १६ ते २४ महिन्यांतले डीपीटी आणि पोलिओचे बूस्टर, गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी जीवनसत्त्व ‘अ’. हे वेळापत्रक अमेरिकन पुस्तकात मिळणार नाही.

तांबडी_माती

म्हणजे लसी आणि मात्रांसाठी अमेरिकन पुस्तक बाद. फ्रिजवर लावायला एक कागदही करून देते. त्यावर काय लिहू?

मापाचा_चमचा

एकच पान, मोठी अक्षरं. सगळ्यात वर १०८ आणि रात्री बालरोगतज्ज्ञ असतील अशा जवळच्या दवाखान्याचा नंबर. खाली:

घास अडकला: खोकता येत असेल तर खोकू द्या. आवाजच निघत नसेल तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये ५ जोरदार थापा, मग बेंबीच्या वर ५ वेळा आत-वर दाब. वस्तू निघेपर्यंत आळीपाळीने. दिसत नसेल तर तोंडात बोट घालू नका. (हे १ वर्षाच्या पुढच्यांसाठी, त्याखाली पोटाऐवजी छातीवर दाब.)

आकडी: कुशीवर वळवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा नाही, पाणी नाही. कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. ५ मिनिटांहून लांबली तर लगेच १०८. आधी थांबली तरी पहिलीच असेल तर डॉक्टरांना दाखवा.

भाजलं: २० मिनिटं नळाचं पाणी. बर्फ, हळद, टूथपेस्ट काही नाही.

बटण सेल गिळला, किंवा तशी शंका आली तरी: थेट मोठं रुग्णालय. उलटी करवू नका. रॉकेल प्यायलं तरी उलटी नाहीच.

सगळ्यात खाली दोघांची वजनं तारखेसह, आणि घरात आत्ता जी बाटली आहे तिची तीव्रता व प्रत्येकाचे मिली. १२ किलोला १८० मिग्रॅ, म्हणजे १२५च्या सिरपचे साधारण ७ मिली. चमच्याने नाही, सिरिंजने मोजून. ही ओळ पेन्सिलीने लिहा. वजन दर तीन महिन्यांनी बदलेल, आणि बाटली त्याआधीच.